शिंकणारी शेवंती आणि नऊ आठवड्यांचं पिल्लू

पत्राचा सारांश: एका वाचक ताईंकडे शेवंती नावाची पाच वर्षांची मांजर आहे. पिल्लू असताना ती दोन्ही डोळे चिपडांनी चिकटलेल्या अवस्थेत सापडली आणि कशीबशी वाचली. तेव्हापासून वर्षातून दोन-तीनदा तिला शिंका येतात, डावा डोळा पाणावतो आणि आठ-दहा दिवसांत सगळं आपोआप थांबतं. डॉक्टरांच्या मते हा हर्पीसचा विषाणू असावा. तिच्या लसी वेळेवर झाल्या आहेत. पाच दिवसांपूर्वी ताईंनी ठिपकी नावाचं नऊ आठवड्यांचं पिल्लू घरी आणलं. त्याला लसीचा एक डोस मिळाला आहे आणि सध्या ते वेगळ्या खोलीत आहे. धाकटा भाऊ म्हणतो, "दोघींना एकत्र सोड, एकदाच काय ती आजारी पडेल आणि जन्माची प्रतिकारशक्ती येईल." मैत्रिणीने लायसिनची पावडर सुचवली आहे. लस घेऊनही शेवंती शिंकतेच, तर ठिपकीला आणखी सुया कशाला, असं ताईंना वाटतं. पत्राच्या शेवटी, ताजा कलम म्हणून, त्यांनी विचारलं आहे: शेवंतीसाठी दुसरं घर बघू का?

ताई,

सगळ्यात जड प्रश्न तुम्ही ताज्या कलमात ढकललाय, म्हणून आधी त्याचंच उत्तर देते. नको. घर बदलणं हा मांजरीला बसणारा मोठा ताण असतो आणि हर्पीसचा विषाणू अशा ताणाची वाटच बघत असतो. शेवंती नव्या घरी जाईल, आठवडाभरात तिथे शिंकायला लागेल, आणि तिथे दुसरी मांजर असलीच तर तुमचा प्रश्न फक्त पत्ता बदलेल. त्यात तिची पाच वर्षांची ओळखीची माणसं जातील ती वेगळीच.

आता सुयांबद्दल. "लस घेऊनही सर्दी होतेच" हे तुमचं निरीक्षण अगदी बरोबर आहे. पण त्यातून लस वाया गेली असा निष्कर्ष काढताना तुम्ही लसीला कुंपण धरलंय, विषाणू बाहेर आणि मांजर आत. ही समजूत तुमची एकटीची नाही आणि ती हवेतून आलेलीही नाही. मांजरांच्या तिहेरी लसीतला एक तृतीयांश भाग खरोखरच कुंपणासारखा वागतो. तो म्हणजे पॅनल्यूकोपेनियाचा, मांजरांच्या एका जीवघेण्या विषाणूजन्य आजाराचा. तो विषाणू आतड्यापर्यंत आणि हाडांतल्या मगजापर्यंत रक्तातून जातो. रक्तात प्रतिपिंडं (अँटीबॉडी) आधीच तयार असली की तो वाटेतच पकडला जातो. नीट लसीकरण झालेल्या मांजरीला हा आजार सहसा होतच नाही.

उरलेले दोघे, हर्पीस आणि कॅलिसी, रक्ताच्या वाटेवर अवलंबून नसतात. नाक, घसा आणि डोळे यांच्या ओल्या अस्तरावर ते उतरतात आणि उतरल्या जागीच वाढू लागतात. रक्तातली कुमक तिथे पोचेपर्यंत पेरणी झालेली असते. म्हणून या दोघांविरुद्धची लस संसर्ग पूर्णपणे रोखत नाही. ती संसर्गाचा आजार होऊ देत नाही, किंवा झालाच तर तो हलका ठेवते. मांजर शिंकेल, पण जेवत राहील. डोळा पाणावेल, पण बुबुळावर जखम होण्याची शक्यता कमी होईल.

शेवंतीच्या बाबतीत आणखी एक अडचण आहे. हर्पीसचा विषाणू पहिल्या आजारातच चेहऱ्याच्या संवेदना वाहणाऱ्या मज्जातंतूच्या मुळाशी जाऊन बसतो आणि बहुतेक मांजरांत तिथे जन्मभर सुप्त राहतो. शेवंती तुम्हाला डोळे चिकटलेल्या अवस्थेत मिळाली, त्या दिवशीच तो बहुधा तिच्या अंगात होता. त्यानंतर दिलेली कोणतीही लस त्याला तिथून हुसकावू शकत नव्हती. तुम्ही तिच्या लसीला असं काम दिलंत जे तिचं नव्हतंच आणि नापास केलंत! त्या पहिल्या आजाराशेजारी आजची शेवंती ठेवून बघा. तेव्हा जीव जातो की राहतो अशी स्थिती होती. आता एक डोळा, चार शिंका, आठ-दहा दिवस. या आजारात प्रतिकारशक्ती दिसते ती अशी.

हेच डोळ्यांसमोर ठेवून भावाच्या सल्ल्याकडे वळू. त्याला वाटतंय की एकदा गोवर होऊन गेला की पुन्हा होत नाही, तसंच हे. पण हर्पीस होऊन गेला की तो जातच नाही, हे शेवंती गेली पाच वर्षं दाखवते आहे. आजारातून आलेली प्रतिकारशक्तीही काही महिन्यांत ओसरू लागते. कॅलिसीचं तर आणखी अवघड आहे. तो सतत रूप बदलतो, त्याचे इतके प्रकार फिरत असतात की एकाशी झालेली ओळख दुसऱ्याच्या वेळी अर्धवटच उपयोगी पडते. तेव्हा "जन्माची" हा शब्द गळून पडतो, उरते फक्त "आजारी पडेल" ही बाजू. आणि नऊ आठवड्यांच्या पिल्लाचं आजारी पडणं साधं नसतं. बुबुळावर व्रण होतात. नाकातली नाजूक, गुंडाळीसारखी हाडं झिजतात आणि मग आयुष्यभर नाक घुरघुरत राहतं. कधी न्यूमोनिया होतो. सगळी पिल्लं अशी गंभीर होत नाहीत, बरीचशी पंधरा-वीस दिवसांत सावरतात. पण कोणतं सावरेल हे आधी कळत नाही.

भावाचं एक मात्र बरोबर आहे. शरीराला शत्रूची ओळख व्हावी लागते. ती ओळख लस करून देते, दात काढलेल्या विषाणूशी, आपण ठरवलेल्या दिवशी. त्याला हे असंच सांगून बघा, कदाचित पटेल.

मग एक डोस झालाय, तो पुरेसा का नाही? याचं उत्तर ठिपकीच्या आईकडे आहे. पिल्लू जन्मल्यावर पहिल्या दुधातून आईची प्रतिपिंडं घेतं आणि काही आठवडे त्या उधारीवर जगतं. ही उधारी शिल्लक असताना दिलेली लस वाया जाऊ शकते, कारण आईची प्रतिपिंडं लसीतल्या विषाणूलाही निकामी करतात. आणि उधारी संपल्यावर लस नसेल तर पिल्लू उघडं पडतं. हर्पीसविरुद्धची प्रतिपिंडं साधारण दोन ते दहा आठवड्यांत संपतात, कॅलिसीविरुद्धची दहा ते चौदा आठवड्यांपर्यंत टिकू शकतात. नेमक्या कोणत्या पिल्लाची कधी संपली, हे बाहेरून दिसत नाही. म्हणून एकच नेम धरण्याऐवजी दोन-चार आठवड्यांच्या अंतराने डोस देत जायचं, म्हणजे त्यातला एखादा तरी योग्य वेळी लागतो. पाळीव प्राण्यांच्या डॉक्टरांच्या जागतिक संघटनेची २०२४ची मार्गदर्शक तत्त्वंही हेच सांगतात: सहा ते आठ आठवड्यांत सुरुवात, वय सोळा आठवडे किंवा त्याहून जास्त होईपर्यंत डोस चालू, आणि मग वयाच्या सहा महिन्यांच्या आसपास आणखी एक. हा शेवटचा डोस आधीच्या सगळ्यांतून निसटलेल्या पिल्लांना पकडण्यासाठी असतो. पूर्वी तो वर्षाने द्यायचे, आता अलीकडे आणलाय. म्हणजे ठिपकीला तुम्ही "आणखी सुया" टोचणार नाही आहात, सुरू केलेलं काम पुरं करणार आहात.

पुढे मोठेपणी काय, हेही विचारून ठेवा. घरात एकटी राहणारी, बाहेर न जाणारी मांजर असेल तर तीन वर्षांनी एकदा पुरतं. पण सतत नव्या मांजरांशी संबंध येत असेल किंवा घरातच वाहक, म्हणजे अंगात विषाणू बाळगणारी, मांजर असेल, तर श्वसनाच्या विषाणूंसाठी दरवर्षीचा डोस द्यावा का, याचा निर्णय डॉक्टरांबरोबर घ्या. सुई टोचलेल्या जागी गाठ होण्याची भीती काही जणांना असते. तसा कर्करोग होऊ शकतो, पण तो फार दुर्मीळ आहे. टोचल्यानंतरची गाठ तीन महिन्यांनंतरही राहिली, दोन सेंटिमीटरपेक्षा मोठी झाली किंवा महिन्यानंतरही वाढतच राहिली, तर लगेच दाखवायची, एवढं ध्यानात ठेवा. काही देशांत नाकात थेंब टाकायची लसही मिळते. ती थेट अस्तरावरच काम करते आणि काही दिवसांतच परिणाम दाखवू लागते. त्या बदल्यात दोन-चार दिवस शिंका येऊ शकतात.

आता जरा उलटं विचारते. पत्रभर तुम्ही शेवंतीला आरोपीच्या पिंजऱ्यात उभं केलंय. पण ठिपकी कुठून आली? तिच्या भावंडांत कोणी शिंकत होतं का? कॅलिसी घेऊन फिरणारं पिल्लू वरून ठणठणीत दिसू शकतं आणि घशातून आठवडेच्या आठवडे विषाणू सोडत राहतं. शेवंतीला त्या प्रकाराची ओळख नसेल तर जिभेवर व्रण, लाळ गळणं, एखाद्या पायाने लंगडणं हे सगळं तिलाही होऊ शकतं. शिवाय नायटा, पिसवा, जंत आहेतच. तेव्हा मधलं दार दोघींसाठी बंद आहे, एकीला दुसरीपासून वाचवण्यासाठी नाही. यामुळे तुमच्या मनातलं थोडं ओझंही कमी व्हावं.

दार किती दिवस बंद ठेवायचं? ठिपकी आली हा शेवंतीसाठी ताण आहे, दार बंद असलं तरी. वास येतो, आवाज येतो, तुम्ही एका खोलीत जाऊन बसता हे तिला कळतं. ताण आल्यानंतर सुप्त हर्पीस लगेच बाहेर पडत नाही. साधारण एक आठवडा जातो, मग एक-दोन आठवडे विषाणू बाहेर पडत राहतो. त्या काळात शिंका येतीलच असं नाही, हे विशेष लक्षात घ्या. म्हणजे ठिपकी आल्यापासूनचे पहिले तीन आठवडे सर्वांत धोक्याचे. तुम्ही पत्र लिहिलंत तेव्हा पाचवा दिवस होता, शेवंती छान होती, आणि म्हणून दार उघडायचा मोह होत होता. थांबलात ते बरं केलंत. तीन आठवडे संपतील तेव्हा ठिपकी अकरा-बारा आठवड्यांची, दुसऱ्या डोसच्या वयाची असेल. तो डोस देऊन आणखी दोन आठवडे जाऊ द्या. सोळाव्या आठवड्याचा डोस होईपर्यंत थांबता आलं तर उत्तमच, पण एकटं वाढणाऱ्या पिल्लाचंही नुकसान होतं, त्यामुळे मी तेवढा आग्रह धरणार नाही.

लायसिनबद्दल थोडक्यात. प्रयोगशाळेतल्या बशीत हर्पीसला वाढायला आर्जिनिन हा प्रथिनांतला एक घटक लागतो आणि लायसिन हा तसाच दुसरा घटक त्याच्या आड येतो, यावरून ही कल्पना निघाली. मांजरीच्या अंगात तसं घडत नाही. २०१५ साली तोवरच्या अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला गेला आणि निष्कर्ष निघाला की मांजरांना लायसिन देणं थांबवावं. काही चाचण्यांत ते घेणाऱ्या मांजरांचा आजार उलट जास्त दिसला होता. आणि खरोखरच त्याने आर्जिनिन कमी झालं असतं तर ते फारच वाईट झालं असतं, कारण एका जेवणात जरी आर्जिनिन अजिबात नसलं तरी मांजरीच्या रक्तात अमोनिया साचतो. मैत्रिणीचा हेतू चांगला आहे, पावडर परत द्या. "इम्युनिटी बूस्टर" लिहिलेल्या इतर डब्यांबद्दलही माझा उत्साह असाच आहे. जंताचं औषध, पिसवांचा बंदोबस्त, पोटभर मांजराचंच खाणं आणि ठिपकीची रक्तातल्या दोन विषाणूंची चाचणी, ल्युकेमियाचा आणि प्रतिकारशक्ती खाणारा एफआयव्ही, यावर खर्च करा. पिल्लाची एफआयव्ही चाचणी पॉझिटिव्ह आली तर घाबरू नका. ती आईच्या प्रतिपिंडांमुळेही येते, पिल्लू सहा महिन्यांचं झालं की पुन्हा करतात.

शेवंतीसाठी एक उपाय बिनपैशाचा आहे. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात निवाऱ्यातल्या भेदरलेल्या मांजरांना रोज ठरलेल्या वेळी हळुवार थोपटलं, त्यांच्याशी बोललं. दहा दिवसांत त्यांच्या अस्तरावरच्या प्रतिपिंडांचं प्रमाण इतर मांजरांपेक्षा जास्त दिसलं, आणि श्वसनाचा आजारही कमी जणींना झाला. विषाणू जिथे उतरतो तिथलीच ही राखण. तेव्हा ठिपकीचं कौतुक चाललेलं असताना शेवंतीचा वेळ कापू नका. तिची झोपायची जागा, जेवणाची वेळ, खिडकी, काही हलवू नका. एक रिकामा खोका द्या, आत शिरून बसायला. ज्या मांजरी लपू शकतात त्या लवकर सावरतात. ट्रे, भांडी, पाणी दोघींचं वेगळं. आणि कुठल्याही दुसऱ्या दुखण्यासाठी कोणी तिला स्टेरॉइड द्यायला निघालं, तर हर्पीसचा इतिहास आधी सांगा, कारण सुप्त विषाणू जागा करण्यात स्टेरॉइडइतकं पटाईत दुसरं काही नाही.

स्वच्छतेच्या बाबतीत लोक हवेला घाबरतात आणि हाताला विसरतात. मांजरीच्या शिंकेचे थेंब एक-दोन मीटरच जातात. पुढचा प्रवास आपण घडवतो, हाताने, बाहीने, वाटीने. हर्पीस बाहेर नाजूक असतो, ओल्या जागी साधारण अठरा तास टिकतो, साबणाने मरतो. कॅलिसी चिवट, कोरड्या जागी काही आठवडे, कधी महिनाभरही राहतो, आणि अल्कोहोलच्या सॅनिटायझरला फारशी दाद देत नाही. म्हणून हात साबणाने चोळून धुवा. ठिपकीच्या खोलीतली भांडी आणि फरशी आधी साबणाने धुऊन मग घरगुती ब्लीच लावा, बत्तीस भाग पाण्यात एक भाग. दहा मिनिटं राहू द्या, नंतर स्वच्छ पाण्याने धुऊन वाळवा. मांजर त्या वेळी खोलीत नको. ठिपकीच्या खोलीत जाताना वरून घालायचा एक जुना शर्ट दारामागे टांगून ठेवा. तुम्हाला किंवा घरातल्या कोणा माणसाला हे दोन विषाणू लागत नाहीत, तेव्हा त्यांच्यापुरती स्वतःची काळजी सोडा.

आणि तरीही कोणी आजारी पडलं तर? सर्दी झालेलं मांजर बहुधा वास येत नाही म्हणून जेवत नाही. खाणं अंगाइतकं कोमट करून द्या, नाक ओल्या कापसाने पुसत राहा, गरम पाण्याच्या वाफेने भरलेल्या न्हाणीघरात दहा मिनिटं घेऊन बसा. वाफेत निलगिरी किंवा दुसरं कुठलंही तेल टाकू नका. मांजरीच्या यकृताला अशा पदार्थांचा निचरा जमत नाही. त्याच कारणाने पॅरासिटामॉलची एक गोळीही जीव घेऊ शकते. कपाटातले उरलेले डोळ्याचे थेंब तर मुळीच नकोत. त्यात स्टेरॉइड असेल आणि बुबुळावर व्रण असेल तर डोळा जाऊ शकतो. डॉक्टरांनी डॉक्सिसायक्लिनची गोळी दिली तर ती कोरडी गिळवू नका, मागोमाग थोडं पाणी किंवा पातळ खाणं द्या. ती अन्ननलिकेत अडकली तर तिथे जखम होऊन नळी आक्रसते. हे बऱ्याच ठिकाणी सांगायचं राहून जातं.

डोळा मिचकावून बंद ठेवणं, बुबुळावर निळसर धूसरपणा, तोंड उघडून श्वास, यांपैकी काही दिसलं तर त्याच दिवशी दवाखाना. ठिपकीने एक दिवस काही खाल्लं नाही तरी तेच. मोठी मांजर दोन दिवस उपाशी राहिली तर यकृतात चरबी साचू लागते, मग मूळ सर्दी बाजूला राहते आणि नवंच दुखणं समोर येतं.

पत्र वाचणाऱ्यांत कोणाकडे गाभण मांजर असेल तर त्यांच्यासाठी थोडं. वाहक आई व्यायल्यानंतर चार-सहा आठवड्यांनी विषाणू सोडू लागते, आणि नेमकी त्याच सुमारास पिल्लांची उधारी संपत असते. आईचं लसीकरण गाभण राहण्याआधी पुरं करणं हा त्यावरचा उपाय. ते चुकलं असेल तर पिल्लांना पहिला डोस सहाव्या आठवड्यात द्यावा का, हे डॉक्टरांना विचारा.

ताई, दार उघडायच्या आधी आठवडाभर दोघींची अंथरुणं अदलाबदल करा, वास ओळखीचा होऊ द्या. पण तेव्हा दोघींपैकी कोणीही शिंकत नसावं. मग दाराची फट, मग दहा मिनिटं, मग अर्धा तास. दिनदर्शिकेवर ठिपकीच्या डोसच्या तारखांशेजारी शेवंतीच्या शिंकांचीही खूण करत जा, म्हणजे कशाने उसळतं ते सहा महिन्यांत तुम्हालाच दिसेल. दार उघडल्यावर शेवंती शिंकलीच तर घाबरून भावाला किंवा मला दोष देऊ नका. दार लावा, दोन आठवडे थांबा, पुन्हा उघडा.